लढाऊ विमानांची ओळख, भाग ७ : मिग-२१ला दोष देण्याआधी

नॅटनंतर आज मिग-२१. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला हे विमान हवाई दलातून निवृत्त झालं. १९६३ साली २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ते याच शहरात हाती घेतलं होतं. निरोपाच्या दिवसांत दोन विशेषणं आलटून पालटून ऐकू आली, ‘हवाई दलाचा कणा’ आणि ‘उडती शवपेटी’. पहिलं खरं आहे. दुसरं मला अर्धवट वाटतं. का, ते सांगण्याआधी हे यंत्र होतं कसं ते पाहू.

सोव्हिएत अभियंत्यांनी १९५०च्या दशकात ते एका कामासाठी आखलं. उंचावरून बॉम्बफेकी विमान येताना दिसलं की झपाट्याने वर चढायचं, ते पाडायचं आणि परत यायचं. एकच इंजिन, पातळ त्रिकोणी पंख, नाकाच्या जागी हवा ओढणारं तोंड आणि त्यात मागेपुढे सरकणारा शंकू. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाताना समोरची हवा थेट इंजिनात शिरली तर आतली पाती ती पेलू शकत नाहीत. शंकूच्या टोकाशी उठणाऱ्या आघातलहरी तिचा वेग आधीच मोडतात. युक्ती सुरेख, पण किंमत मोजावी लागली. रडारला जागा उरली ती शंकूच्या पोटातली, म्हणून रडार लहान. धड सडपातळ, म्हणून इंधन थोडं. त्यात आफ्टरबर्नर लावला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या तप्त झोतात आणखी इंधन फवारून पेटवलं, की टाकी बघता बघता उतरते. वेगात गुणी असणारे ते पंख हळू उडताना मात्र हट्टी, त्यामुळे जमिनीवर टेकायलाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग ठेवावा लागे.

म्हणजे किती, हे कळायला बिरसीला जावं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी बांधलेली ही धावपट्टी १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होईपर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होती. आज तिथे वैमानिक होऊ पाहणारी मुलं पंख्याच्या छोट्या डायमंड विमानांवर शिकतात. ती धावपट्टीकडे येतात साधारण सव्वाशे-दीडशेच्या वेगाने. चूक उमगायला आणि सुधारायला थोडी उसंत असते. मिगमध्ये तेवढ्याच वेळात दुपटीहून जास्त अंतर मागे पडलेलं असे.

हे विमान महाराष्ट्रात कसं आलं, ती गोष्ट राजकारणाची आहे. रशियाशी बोलणी झाली ती कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना, १९६२ साली. चीनकडून मार खाल्ल्यावर मेनन गेले, त्यांच्या जागी मुंबईहून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले आणि १९६३च्या पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून आले. मिगचा सांगाडा बांधण्याचा कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला, इंजिनाचा ओडिशात कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा हैदराबादला. आपली जवाहरनगरची आयुध निर्माणी त्याच धामधुमीतली, १९६४ची. दारूगोळ्याला लागणारी प्रणोदकं आणि स्फोटकं तिथे बनतात. भारताने घेतलेल्या साडेआठशेहून अधिक मिग-२१पैकी सुमारे सहाशे देशातच तयार झाली.

१९७१मध्ये या विमानाने नाव कमावलं. पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरचा तेव्हा मोठा दबदबा होता. १२ डिसेंबरला कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी असंच एक विमान पाडलं. पण मला ढाक्याची मोहीम जास्त बोलकी वाटते. १४ डिसेंबरला विंग कमांडर बी. के. बिष्णोई यांच्या हाती उड्डाणाच्या तोंडावर पडला तो पर्यटकांसाठी छापलेला शहराचा नकाशा. तेवढ्यावर त्यांनी पूर्व पाकिस्तानच्या गव्हर्नरचं निवासस्थान शोधलं आणि मिगांनी त्यावर रॉकेटं डागली. गव्हर्नर मलिक यांनी त्याच दिवशी राजीनामा लिहिला. उंचावर बॉम्बफेकी विमानं अडवण्यासाठी जन्मलेलं यंत्र आता झाडांच्या उंचीवरून इमारती टिपत होतं.

खरी मेख इथेच आहे. मिगने हेही काम करून दाखवलं, मग ते त्याच्याच गळ्यात पडलं. जमिनीवरचे हल्ले, टेहळणी, शिवाय नव्या वैमानिकांचं शिक्षण. किरणसारख्या शांत, आवाजापेक्षा हळू चालणाऱ्या प्रशिक्षण विमानावरून उतरलेला विशीतला पोरगा पुढे थेट मिगवर चढू लागला. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्या, असं ला फोन्टेन समितीने १९८२मध्ये सांगितलं होतं. तसं विमान, हॉक, हवाई दलात आलं २००८ साली. सव्वीस वर्षं! या दिरंगाईचा दोष कोणत्या रशियन अभियंत्याच्या माथी मारणार?

संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी २०१२मध्ये संसदेत दिलेला हिशेब असा : १९७१-७२पासून मिग मालिकेतली ४८२ विमानं अपघातांत गेली, त्यांत १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक दगावले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१ साली सुरतगडला मिग कोसळून गेले. ठपका वैमानिकावर आला, तेव्हा त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. वर्षानुवर्षं त्या लढत राहिल्या आणि प्रश्न यंत्राचा, प्रशिक्षणाचा, देखभालीचा आहे हे लोकांपुढे मांडत राहिल्या.

देखभालीचं म्हणाल तर ती चिंता आपल्यापासून तासाभरावर वाहिली जात होती. हवाई दलाच्या देखभाल कमांडचं मुख्यालय नागपूरच्या वायुसेना नगरात आहे. १९९१मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका देशातून येणारे सुटे भाग अनेक देशांत विखुरले. तरीही विमानं उडती ठेवली गेली. ज्यांनी ती ठेवली त्यांची नावं कुठल्या शौर्यपदकाच्या यादीत सापडत नाहीत.

शेवटच्या पर्वात सव्वाशे विमानांना नवं रडार आणि नवी क्षेपणास्त्रं देऊन ‘बायसन’ केलं गेलं. २००४ साली ग्वाल्हेरच्या संयुक्त सरावात या बायसननी अमेरिकी एफ-१५च्या वैमानिकांना चकित केलं. २७ फेब्रुवारी २०१९ला पाकिस्तानी विमानांशी झालेल्या चकमकीत अभिनंदन वर्धमान यांच्याखाली होतं तेही बायसनच. डोळे नवे बसवले, सांगाडा मात्र जुनाच राहिला. मिगची जागा घ्यायची होती ती देशी बनावटीच्या तेजसने. नाशिकमध्ये बनलेल्या पहिल्या तेजस मार्क-१एने ओझरहून उड्डाण केलं १७ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे मिगला निरोप देऊन झाल्यावर तीन आठवड्यांनी.

पुढच्या भागात ओझरचंच आणखी एक विमान, सुखोई-३०.