कळलावीची मात्रा

श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या गडग्यांवर कळलावी फुलते. बुडाशी पिवळ्या, टोकाशी लालभडक, कडांना चुण्या पडलेल्या तिच्या पाकळ्या वरच्या बाजूला वळतात आणि ज्वाळांसारख्या दिसतात. अग्निशिखा हे नाव त्यावरूनच पडलं. पानाचं टोक वळून त्याचाच तणावा होतो. कंदाचा आकार नांगरासारखा, म्हणून संस्कृतात ही लांगली. कंद जहाल विषारी असतो आणि आयुर्वेदानेही तिला उपविषांत बसवलं आहे. तमिळनाडूत मात्र हिची रीतसर शेती होते. तिथल्या बिया औषध कारखान्यांकडे जातात, कारण त्यांत कोल्चिसिन असतं. गाउटच्या सुजेवर काम करतं हे पक्कं सिद्ध झालेलं वनस्पतिजन्य द्रव्य म्हणजे हेच.

ते काय करतं हे कळायला आधी सांध्यात काय घडतं ते पाहू. आपल्याकडे या दुखण्याला ‘युरिक ॲसिड झालंय’ असंच म्हणतात. पेशींतल्या आणि अन्नातल्या प्युरिनचं विघटन झालं की शेवटी युरिक ॲसिड उरतं. बहुतेक सस्तन प्राण्यांकडे ते आणखी फोडणारं युरिकेज नावाचं विकर असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते लक्षावधी वर्षांपूर्वीच गमावलं. त्यामुळे आपली बरीचशी भिस्त मूत्रपिंडांवर. रक्तातलं प्रमाण डेसिलिटरला सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते नीट विरघळलेलं राहत नाही. पायाचा अंगठा शरीराच्या मध्यभागापेक्षा थंड, म्हणून सुईसारखे युरेटचे स्फटिक तिथे सहज धरतात.

हे स्फटिक वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतात. मग एखाद्या रात्री काही सुटे होतात आणि सांध्यातल्या भक्षक पेशी त्यांना गिळतात. ही सुई त्यांना पचत नाही. पेशीच्या आत एनएलआरपी-3 नावाच्या प्रथिनाभोवती एक जुळणी उभी राहते आणि तिच्यातून इंटरल्यूकिन-1 बीटा हा धोक्याचा संदेश बाहेर पडतो. तो मिळाला की रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी झुंडीने सांध्यात शिरतात, स्फटिकांवर तुटून पडतात आणि त्या धुमश्चक्रीत आणखी संदेश सुटतात. अंगठा लाल होतो, तापतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. एक लक्षात ठेवावं: ऐन झटक्यात रक्तातलं युरिक ॲसिड कधी कधी नॉर्मल दिसतं, त्यामुळे तेवढ्यावरून गाउट नाही असं म्हणता येत नाही.

कोल्चिसिन युरिक ॲसिडला हातही लावत नाही. ते पकडतं ट्युब्युलिनला. पेशीच्या आत सूक्ष्मनलिकांचा एक सांगाडा असतो, ट्युब्युलिनच्या विटा जोडत जोडत तो सतत बांधला आणि मोडला जातो. कोल्चिसिन विटेला चिकटलं की नळी पुढे वाढत नाही. नळ्यांवाचून न्यूट्रोफिलची हालचाल मंदावते आणि एनएलआरपी-3ची जुळणीही नीट होत नाही. हे द्रव्य पांढऱ्या पेशींत रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं, म्हणून थोडक्या मात्रेतही भागतं. गंमत अशी की शास्त्रज्ञांना ट्युब्युलिन सापडलं तेच 1960च्या दशकात, कोल्चिसिन पेशीत कशाला चिकटतं याचा माग काढताना. औषध मात्र फार जुनं: सहाव्या शतकातला वैद्य अलेक्झांडर ऑफ ट्रालिस कोल्चिकम नावाच्या वनस्पतीचे कंद गाउटवर देत असे, आणि 1820 मध्ये पेलेतिए आणि काव्हाँतू यांनी पॅरिसमध्ये त्या वनस्पतीतून हे द्रव्य वेगळं काढलं.

खरी कसोटी मात्रेची आहे. पेशी दुभंगतानाही हेच नळ्यांचं जाळं लागतं. म्हणून झपाट्याने विभागणाऱ्या पेशी, म्हणजे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा, आधी मार खातात. (गुणसूत्रं दुप्पट करून बिनबियांच्या कलिंगडाचं वाण तयार करतात ते याच गुणाच्या जोरावर.) पूर्वी डॉक्टर सांगत, दुखणं थांबेपर्यंत किंवा जुलाब लागेपर्यंत गोळी घेत राहा. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा तासांत 4.8 मिलिग्रॅम आणि एका तासात 1.8 मिलिग्रॅम अशी तुलना झाली. आराम जवळपास सारखाच पडला. जुलाब मात्र जास्त मात्रेच्या गटात 77 टक्क्यांना, कमी मात्रेच्या गटात 23 टक्क्यांना. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या रुग्णांनी निष्कारण हाल सोसले होते. मूत्रपिंडं अधू असतील किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक चालू असेल, तर नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. कंद उगाळून घेण्याचा विचार तर कुणी मनातही आणू नये. त्यात द्रव्य किती हे डोळ्यांना कळत नाही, आणि जादा झालं तर उतारा नाही.

मग हळद, कांदा? हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत सुजेच्या साखळीतली एनएफ-कप्पा-बी ही कळ बंद करतं. पण हळदपुडीत ते साधारण तीन टक्के, आणि पोटातून रक्तात पोहोचतं त्याहून फारच कमी. कांद्यातलं क्वेर्सेटिन युरिक ॲसिड तयार करणाऱ्या विकराला अडवतं, आणि एका छोट्या चाचणीत पातळी थोडी उतरलीही. एका चिनी वनौषधीतलं ओरिडोनिन थेट एनएलआरपी-3ला चिकटतं, हे 2018 मध्ये दिसलं. मला यात सगळ्यांत आशा वाटते ती ओरिडोनिनची, कारण तिथे नेमकी जागा सापडली आहे. पण हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे. उंदराकडे युरिकेज शाबूत असतं, म्हणून त्याच्या पंजात स्फटिक टोचून सूज आणावी लागते. माणसाच्या अंगठ्यात ते वर्षानुवर्षं साठत येतात. तेव्हा आमटीतली हळद चालू ठेवा, पण झटक्यावरचा उपाय म्हणून तिच्यावर विसंबू नका.

सूज उतरली तरी स्फटिक जागेवरच असतात. ते विरघळवायला ॲलोप्युरिनॉलसारखं औषध देऊन पातळी 6च्या खाली ठेवतात. पहिल्या काही महिन्यांत साठे विरघळताना स्फटिक सुटे होतात आणि नेमके तेव्हाच नवे झटके येतात. बरेच रुग्ण घाबरून औषध सोडतात ते इथेच. म्हणून डॉक्टर सुरुवातीचे तीन ते सहा महिने जोडीला कोल्चिसिनची 0.5 मिलिग्रॅमची छोटी गोळी चालू ठेवतात.