भुसावळातला गिल

नंदुरबारहून ताप्ती लाइनने भुसावळला उतरलेला माणूस पुढची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते बघतो. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत मेजर रॉबर्ट गिल आहे, हे खानदेशातही थोड्यांनाच ठाऊक. ज्यांना ठाऊक, त्यांच्या लेखी तो अजिंठ्याच्या पारोवर प्रेम करणारा, पारोचा गिल. कवी ना. धों. महानोरांची त्यावरची कविता आणि २०१२ चा सिनेमा यांनी ती गोष्ट घरोघरी नेली. अजिंठा गावातल्या पारोच्या कबरीवर २३ मे १८५६ ही तारीख आहे. दगडावर कोरलेलं तेवढं खात्रीचं, बाकी लोकांनी घातलेली भर. मला त्याच्या कामाची गोष्ट जास्त चटका लावते.

१८०४ मध्ये लंडनला जन्मलेला, मद्रास फौजेतला हा अधिकारी. अजिंठ्याच्या लेण्यांतला गिलावा झडत चालला होता, म्हणून १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याला तिथल्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. मुक्काम गावातल्या बारादरीत. आधी कागदावर रेखाटनं, मग कॅनव्हासवर तैलरंग, तेही मूळ चित्राच्या मापाचं. अंधारात, काजळलेल्या भिंतीवरची पुसट रेषा हुडकायची आणि आपलं काही त्यात न घालता उतरवायची. चित्रकाराला याहून कठीण शिस्त नसावी! अशी सुमारे वीस वर्षं गेली. मधल्या काळात त्याने कॅमेराही हाती घेतला. लेण्यांबरोबर लोणारची देवळंही टिपली आणि १८६४ मध्ये वास्तुकलेचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ते फोटो पुस्तकरूपाने आले.

तोवर तिसेक मोठे कॅनव्हास लंडनला पोचले होते. तिथल्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहात ते मांडले होते. डिसेंबर १८६६ मध्ये तिथे आग लागली. वाचली ती मोजकीच, प्रदर्शनात नसलेली चित्रं.

गिल तेव्हा बासष्ट वर्षांचा. त्याने साहित्य पुन्हा मागवलं आणि पुन्हा त्याच भिंतींसमोर जाऊन उभा राहिला.

१८७२ मध्ये मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन त्याच लेण्यांत नकला करायला आले. १० एप्रिल १८७९ ला गिल गेला. ग्रिफिथ्सचं काम १८८५ पर्यंत चाललं, आणि त्याच वर्षी त्यातल्याही बऱ्याच नकला लंडनमध्येच आगीत गेल्या. ते ऐकायला गिल उरला नव्हता.