वृद्धिशील संगणकीय खेळ आणि खेळाडूंचे अभिप्राय : स्वरूप व मर्यादा

प्रस्तावना

संगणकीय खेळाची निर्मिती हे सामान्यतः दीर्घकाळ चालणारे काम असते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ‘राजी’ हा खेळ काही वर्षांच्या परिश्रमांतून साकारला. याउलट ‘गेम जॅम’ या उपक्रमात दिलेल्या विषयावर दोन-तीन दिवसांत खेळ पूर्ण करावयाचा असतो. २००२ मध्ये सुरू झालेल्या ‘लुडम डेअर’मधील एकट्याने करावयाच्या स्पर्धेची मुदत ४८ तासांची होती. त्यानंतर सहभागी निर्माते परस्परांचे खेळ खेळून गुण व लेखी अभिप्राय देत. एवढ्या घाईत चाचणीस वेळ उरत नाही. म्हणून हे अभिप्राय हीच खेळाची पहिली खरी चाचणी ठरते. प्रस्तुत लेखात ‘इन्क्रिमेंटल’ म्हणजेच वृद्धिशील खेळांच्या संदर्भात त्यांचा विचार केला आहे.

वृद्धिशील खेळाचे स्वरूप

या खेळात कळ दाबून नाणी मिळवायची, नाण्यांतून यंत्रे घ्यायची आणि यंत्रांनी आपोआप अधिक नाणी मिळवून द्यायची, असा क्रम असतो. ज्यूलियन तिएनो या फ्रेंच निर्मात्याचा ‘कुकी क्लिकर’ (२०१३) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. त्याची पहिली आवृत्ती एका संध्याकाळीच तयार झाली होती. त्यात प्रत्येक खरेदीनंतर त्या वस्तूची किंमत १५ टक्क्यांनी वाढते. ही वाढ चक्रवाढ व्याजासारखी असते.

अभिप्रायामागील गणित

समजा, एक यंत्र सेकंदाला एक नाणे देते, पहिल्या यंत्राची किंमत १०० नाणी आहे आणि ती वरील दराने वाढते. हाती एकच यंत्र असताना दुसऱ्यासाठी ११५ सेकंद थांबावे लागते. आठव्या यंत्रासाठी सुमारे ३८ सेकंद पुरतात. एकविसाव्यासाठी सुमारे ८२ सेकंद, तर एकेचाळिसाव्यासाठी अकरा मिनिटांहून अधिक काळ लागतो. उत्पन्न सरळ व्याजाप्रमाणे वाढते, किंमत मात्र चक्रवाढीने. त्याचा हा परिणाम होय.

‘सुरुवात संथ आहे’, ‘मध्ये रंगत येते’, ‘शेवटी कंटाळा येतो’ हे तीन अभिप्राय वरवर परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात ते एकाच सूत्राचे तीन टप्पे दाखवतात. खेळाडू दुखणे अचूक सांगतो. उपाय मात्र अचूक सांगेलच असे नाही. ‘सर्व किमती निम्म्या करा’ ही सूचना स्वीकारल्यास प्रतीक्षा सर्वत्र निम्मी होईल, परंतु शेवटचा चढ तसाच राहील. त्यासाठी वाढीचा दर बदलावा लागेल अथवा योग्य वेळी नवे यंत्र आणावे लागेल.

अभिप्रायांच्या मर्यादा

पहिली मर्यादा वेळेची आहे. जॅममध्ये परीक्षक-खेळाडूसमोर अनेक खेळ असतात, त्यामुळे एका खेळाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. वृद्धिशील खेळ तर तासन्‌तास चालण्यासाठी रचलेला असतो. साहजिकच बहुतेक अभिप्राय आरंभाविषयी असतात आणि नंतरचे दोष अलक्षित राहतात. अभिप्रायासोबत खेळाचा कालावधी नोंदविल्यास हा दोष काहीसा कमी होतो.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. ‘थांबवेना’ ही प्रशंसा आनंदाची असू शकते, तशीच केवळ सवयीचीही. अमेरिकन अभ्यासक इयान बोगोस्ट यांनी २०१० मध्ये ‘काऊ क्लिकर’ हा खेळ समाजमाध्यमांवरील खेळांचे विडंबन म्हणून रचला. त्यात ठरावीक तासांनी गाईवर टिचकी मारण्यापलीकडे फारसे काही नव्हते. तरीही अनेकांनी तो मनापासून खेळला. अखेर २०११ मध्ये बोगोस्ट यांनी खेळातील गाई नाहीशा केल्या. खेळाडूंची संख्या व उत्साह हे खेळाच्या गुणवत्तेचे पुरेसे प्रमाण नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

समारोप

सारांश, अभिप्राय हे निर्मात्यास मिळालेले आदेश नसून लक्षणे आहेत. तक्रारीचे गणितात रूपांतर करणे आणि प्रशंसेमागील कारण तपासणे ही दोन्ही कामे निर्मात्यालाच करावी लागतात. दोन दिवसांत खेळ तयार होऊ शकतो. तो खेळाडूच्या वेळेस पात्र आहे किंवा नाही, हे ठरविण्यास मात्र अधिक सबुरी लागते.