तारे मोजावे, पण दारही ठोठवावे

खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धाला शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालते करणारी शुश्रूषाकेंद्रे अमेरिकेत ठिकठिकाणी आहेत. १९६५ च्या कायद्याने जन्मलेली ‘मेडिकेअर’ योजना त्यांचा खर्च उचलते. पण मूळ योजनेत त्यासाठी रुग्णालयात रीतसर दाखल होऊन सलग तीन दिवस काढावे लागतात. केवळ ‘निरीक्षणाखाली’ काढलेल्या रात्री हिशेबात येत नाहीत. पहिले वीस दिवस रुग्णाला झळ लागत नाही. पुढे शंभराव्या दिवसापर्यंत रोजचा वाटा त्याने भरायचा, आणि त्यानंतर सारा भार त्याच्याच माथी.

म्हणजे दिवस मोजके. ते वाया जाता कामा नयेत. २००८ पासून शासन या केंद्रांना तारांकित श्रेणी देते. तथापि श्रेणीमागील काही माहिती केंद्रेच पुरवितात, हे विसरू नये. प्रत्येक पाळीला हजर असलेल्या परिचारिकांची संख्या दर्शनी भागी लावणे कायद्याने बंधनकारक आहे, ती वाचावी. व्यायामोपचार आठवड्यातून किती दिवस होतात, हे विचारावे. शक्यतो रविवारी जावे आणि रुग्णाने वाजविलेल्या घंटेला ओ कोण देतो, ते पाहावे.

रुग्णालयातून निघताना हाती यादी पडते आणि निर्णयाला अवघे काही तास उरतात. परंतु वृद्ध पुन्हा स्वतःच्या पायांनी उंबरठा ओलांडणार की नाही, हे पुष्कळदा त्या तासांतच ठरते.