वाफेचे रोलर : वापर आणि निगा

शेतकरी कुटुंबाच्या साप्ताहिकात केस कुरळे करण्याचा विषय कुठून आला, असे काही शेतकरी बंधूंना वाटेल. पण विस्ताराच्या कामासाठी गावोगाव फिरताना आम्हाला बियाणे आणि खते एवढ्याचेच प्रश्न विचारले जात नाहीत. पंप का बसला, गिरणी का थांबली, आणि मुलीने शहरातून आणलेल्या या डबीतून वाफ का येत नाही, हेही विचारले जाते. विचारणाऱ्याला उत्तर मिळायला हवे.

काही जण नाक मुरडतात. शेतकऱ्याच्या लेकीला हे नखरे कशाला, म्हणतात. त्यांनी एकदा आपल्या सातपुड्याकडे पाहावे. धडगावच्या भोंगऱ्या बाजारात होळीपूर्वी साजशृंगाराची खरेदी होते, ती काय आजची आहे? पावरा भगिनींचे चांदीचे दागिने आणि होळीला बुध्या बनणाऱ्या पुरुषांचे मोरपिसांचे टोप पाहिले की नटण्याची हौस शहरातून आली असे कोण म्हणेल? हौस जुनीच आहे, साधन तेवढे नवे आहे. आणि या नव्या साधनात वीज, पाणी आणि वाफ अशा तीन गोष्टी एकत्र येतात. म्हणून ते नीट समजून घेणे जरुरीचे आहे.

केसाला वळण कसे बसते?

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. बैलाचे शिंग, खूर आणि आपली नखेही त्याच जातीच्या प्रथिनाची असतात. या प्रथिनाचे धागे एकमेकांना लहानलहान बंधांनी धरून असतात. त्यांतले काही बंध ओलाव्याने आणि उष्णतेने सुटतात, आणि केस सुकून थंड झाला की पुन्हा जुळतात. बंध सुटलेले असताना केस ज्या आकारात धरून ठेवाल, तोच आकार थंड झाल्यावर टिकतो.

हे तत्त्व तुम्हाला नवे नाही. बांबूची काठी आगीवर शेकून वाकवतात, तशीच बांधून ठेवतात आणि थंड झाल्यावर सोडतात. गरम असतानाच सोडली तर ती पुन्हा सरळ होते. केसाचेही तसेच आहे. शेक वाफेचा आणि बांधणी रोलरची, एवढाच फरक.

मात्र हे वळण कायमचे नसते. डोके धुतले की ते जाते, आणि पावसाळी दमट हवेत तर लवकरच उतरते. म्हणून आपल्याकडे हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या लग्नांत ते जास्त वेळ राहते.

कायमचे वळण देण्याचा ध्यास कार्ल नेसलर या जर्मन केशकाराने विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये घेतला होता. तापवलेल्या पितळी सळया वापरून तो तासन्‌तास केस शेकत असे. पहिल्या प्रयोगांत त्याच्या पत्नीचे केस जळाले आणि डोक्याची कातडीही भाजली, असे सांगतात. त्या मानाने वाफ सौम्य. केस वळवण्याची विजेची सळई दीडशे-दोनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापते. उघड्यावरची वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही. आपल्या तोरणमाळच्या उंचीवर तर पाणी शहाण्णव अंशांच्या आसपासच उकळते. शिवाय वाफेत ओलावा असल्याने केस कमी कोरडा होतो.

यंत्रे दोन प्रकारची

पहिल्या प्रकारात तापणारी चकती किंवा तार असते, ती पाणी तापवते. दुसऱ्या प्रकारात पाण्यात दोन पट्ट्या बुडालेल्या असतात आणि वीज पाण्यातूनच वाहते. सर्दीसाठी वाफारा घेण्याची जी स्वस्त प्लास्टिकची यंत्रे मिळतात, त्यांतली बरीचशी याच दुसऱ्या प्रकारची असतात. आपले यंत्र कोणत्या प्रकारचे आहे, हे सोबतच्या पत्रकात पाहावे. पाण्यात चिमूटभर मीठ टाका असे लिहिले असेल, तर ते दुसऱ्या प्रकारचे समजावे.

हा फरक महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात पावसाचे स्वच्छ पाणी घातले तर वाफ नीट येत नाही, कारण क्षार नसलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. तेव्हा चिमूटभर मीठ पुरते. जास्त घातले तर वीज जास्त ओढली जाते, पाणी उसळून बाहेर उडते आणि फ्यूज जातो. पहिल्या प्रकारच्या यंत्रात मात्र मीठ मुळीच घालू नये.

रोलर लावण्याची रीत

1. डोके शिकेकाईने किंवा साबणाने धुऊन केस पूर्ण वाळवावेत. डोळीचे किंवा खोबऱ्याचे तेल लावलेल्या केसावर रोलर घसरतो आणि वळण धरत नाही. तेल आदल्या दिवशी लावून धुऊन टाकावे.
2. केस विंचरून गुंता काढावा आणि दोन बोटे रुंदीच्या बटा पाडाव्यात. जाड बट आतपर्यंत शेकली जात नाही.
3. फोमचा रोलर वाफेच्या तोंडावर पाच ते दहा सेकंद धरावा. तो गरम आणि दमट व्हावा, पाणी ठिबकू नये. मनगटावर टेकवून चटका बसत नाही ना, ते पाहावे.
4. बटेच्या टोकापासून सुरुवात करून मुळाकडे गुंडाळत जावे. कातडीपासून थोडे अंतर ठेवून टोपण किंवा चाप लावावा.
5. सर्व रोलर लावून झाल्यावर निदान वीस मिनिटे थांबावे. हात लावून थंड झाल्याची खात्री करूनच सोडावेत. इथे घाई केली की सगळी मेहनत वाया जाते.
6. सोडल्यावर लगेच कंगवा फिरवू नये. बोटांनी बटा हलकेच मोकळ्या कराव्यात.

डोक्यात जखम, खरूज किंवा उवा असतील तर आधी त्यांवर उपचार करावेत, मगच रोलर लावावेत.

पाणी आणि क्षार

ठिबक संच वापरणाऱ्यांना क्षारांचा जाच ठाऊक आहे. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने ड्रिपरची तोंडे पांढऱ्या थराने बुजतात आणि आम्ल प्रक्रिया करून ती मोकळी करावी लागतात. वाफेच्या यंत्रातही तेच घडते. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मात्र मागे राहतात. थर बसला की वाफ मंदावते आणि चकती जास्त तापून जळते.

म्हणून पहिल्या प्रकारच्या यंत्रात पावसाचे साठवलेले पाणी घालावे, नाहीतर उकळून, निवळून, गाळलेले पाणी वापरावे. थर बसलाच तर प्लग काढून, यंत्र थंड झाल्यावर, निम्मे पाणी आणि निम्मा लिंबाचा रस किंवा पांढरा व्हिनेगर यांचे मिश्रण अर्धा तास आत ठेवावे. मग मऊ कापडाने पुसून दोन-तीन वेळा विसळावे. सुरीने किंवा तारेच्या घासणीने खरवडू नये. त्यानंतरची पहिली वाफ रोलरवर न घेता सोडून द्यावी.

प्रत्येक वापरानंतर उरलेले पाणी ओतून द्यावे. मीठ वापरले असेल तर साध्या पाण्याने विसळावे, नाहीतर पट्ट्या गंजतात. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. औषध फवारणीचे माप किंवा रिकामी बाटली या पाण्यासाठी कधीही वापरू नये आणि यंत्रही औषधांच्या खोलीत ठेवू नये.

वीज आणि वाफ यांपासून सावध

दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात चालू असताना आतल्या पाण्यातच वीज असते. झाकण उघडायचे, पाणी घालायचे किंवा ओतायचे असेल, तर आधी बटण बंद करून प्लग भिंतीतून काढावा. हा नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. ओल्या हाताने, ओल्या ओट्यावर किंवा न्हाणीघरात यंत्र चालवू नये. अंगणात जोडवायर ओढून लग्नघरी काम करण्याची पद्धत धोक्याची आहे. घराला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घेतला, तर तो पंपाच्या आणि मिक्सरच्या वेळीही जीव वाचवील.

वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो. एक ग्रॅम उकळते पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना सुमारे 63 कॅलरी उष्णता देते. तेवढीच वाफ नुसते पाणी होतानाच सुमारे 540 कॅलरी देते. म्हणून लहान मुले जवळ असताना यंत्र जमिनीवर ठेवू नये. भाजलेच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. फोड आले किंवा चेहरा भाजला तर दवाखाना गाठावा.

रोलरची निगा

फोमचे रोलर कोमट साबणपाण्यात हलक्या हाताने धुवावेत, पिळू नयेत, सावलीत वाळवावेत. कडक उन्हात फोम ठिसूळ होऊन त्याचा चुरा पडतो. ओले बंद करून ठेवले तर बुरशी येते. पूर्ण वाळल्यावर वायरसह पत्र्याच्या डब्यात ठेवावेत, म्हणजे उंदीर लागणार नाहीत. वायर यंत्राभोवती घट्ट आवळू नये. एकीचे रोलर दुसरीने वापरू नयेत, उवा आणि कातडीचे रोग असेच पसरतात.

वीज नसेल तर

डोंगरातल्या पाड्यावर दाब कमी असतो किंवा वीजच जाते, आणि घरातले सौरदिवे अशा यंत्राचा भार पेलत नाहीत. त्यांनी जुन्या सुती साडीच्या चिंध्या कराव्यात. किंचित ओलसर केलेल्या बटा चिंध्यांवर गुंडाळून गाठ मारावी, रात्रभर तशाच ठेवाव्यात आणि सकाळी सोडाव्यात. हवा कोरडी असेल तर वळण छान बसते. खर्च शून्य आणि धोकाही नाही.

घेण्यापूर्वी हिशेब

वर्षातून दोन लग्नांसाठी यंत्र घेणे परवडत नाही, आणि पीककर्जाचा पैसा तर याकडे मुळीच वळवू नये. बचत गटाने एक यंत्र घ्यावे आणि प्रत्येकीने आपले रोलर स्वतःचे ठेवावेत. एखाद्या मुलीला यातून धंदा करायचा असेल, तर अग्रणी बँकांमार्फत चालणाऱ्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांत ब्यूटी पार्लरचे प्रशिक्षण मोफत दिले जाते. आपल्या बँकेत त्याची चौकशी करावी. आधी शिक्षण, मग यंत्र, आणि पहिल्या दिवसापासून जमाखर्चाची वही, हा क्रम ठेवावा. म्हशीच्या दुधाचा हिशेब ठेवणाऱ्या घराला हे अवघड नाही.

भगिनींनो, हे पान कापून यंत्राच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. आणि घरातल्या मुलांना वाचता येत असेल, तर प्लग काढण्याचा नियम त्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या.