बाहुलीचा चेहरा

गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीचें सर्व अंग रंगवून झालें, तरी डोळ्यांची आखणी कसलेल्या हातासाठीं राखून ठेवलेली असते. घरीं मुलींसाठीं बाहुली करतांना मात्र आम्ही लुगडें, चोळी, नथ यांची सारी हौस पुरवितों, आणि चेहऱ्याची बोळवण दोन टिंबांवर व एका तांबड्या रेघेवर करतों. बाहुलीच्या चेहऱ्याचें मोल केवढें असूं शकतें, हें समजावें म्हणून जपानांतील एक हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

जपानांत ‘इचिमात्सु’ नांवाच्या, लहान मुलांच्या रूपाच्या बाहुल्या करण्याची जुनी परंपरा आहे. किरी नांवाच्या हलक्या लाकडाचा भुसा खळींत कालवून साच्यांत दाबतात व त्याचें डोकें करतात. तें वाळल्यावर त्यांत कांचेचे डोळे बसवितात. खरें कसब यापुढें. कालवांचे शिंपले वर्षानुवर्षें उघड्यावर ठेवून मग त्यांची जी शुभ्र पूड करतात, तिला ‘गोफुन’ म्हणतात. ती सरसांत कालवून तिचे लेप एकावर एक देतात. नाक व ओठ यांचा उठावही हाच लेप दाट करून साधतात. लेपाखालीं डोळे झांकून जातात. म्हणून बारीक सुरीनें तेवढाच भाग कापून पापण्या उघडाव्या लागतात. ही कापणी केंसभर चुकली तरी बाहुलीची नजर बिघडते. शेवटचे थर अगदीं पातळ असतात. ते ओलसर फडक्यानें पुसून नितळ केले, कीं गालांवर फिकट लाली देतात आणि भुंवयांचा एकेक केंस कुंचल्यानें काढतात. थर पुष्कळ व पातळ असल्यामुळें चेहऱ्यास त्वचेसारखी मृदु कांति येते.

अशा चेहऱ्यांवर एकदां मोठी कामगिरी सोंपविण्यांत आली. १९२४ च्या कायद्यानें अमेरिकेनें जपानी लोकांस आपल्या देशांत वस्तीस येण्याची बंदी केली, व दोन्ही राष्ट्रांत कटुता वाढली. जपानांत पुष्कळ वर्षें राहिलेले पाद्री सिडने गुलिक यांनीं ती मुलांच्या हातून कमी करण्याचें योजिलें. त्यांच्या खटपटीनें १९२७ सालीं अमेरिकन मुलांकडून १२,००० हून अधिक बाहुल्या जपानी शाळांस गेल्या. उद्योगपति एइची शिबुसावा यांच्या पुढाकारानें त्याच सालीं जपाननें ५८ बाहुल्या परतभेट म्हणून पाठविल्या. सुमारें ८० सेंटिमीटर उंचीच्या या बाहुल्यांसाठीं शाळकरी मुलींनीं वर्गणी दिली होती. प्रत्येकीस रेशमी किमोनो होता आणि स्वतःचें नांवही होतें. त्यांतील कांहीं गोयो हिराता या तरुण कारागिराच्या हातच्या होत्या. त्याचे वडील हुबेहूब माणसांसारख्या बाहुल्या करण्यांत निष्णात होते. पुढें १९५५ सालीं खुद्द गोयो यांस जपान सरकारनें कलेच्या क्षेत्रांतील मोठा सन्मान दिला.

हे चेहरे पाहतांना एक गोष्ट ध्यानांत येते. ते हसत नाहींत, रडतही नाहींत. ओठ मिटल्यासारखे, नजर शांत. म्हणून आनंदी मुलीस ती बाहुली आनंदी दिसते आणि रुसलेलीस ती आपल्यासारखीच रुसलेली वाटते.

बाहुल्यांनीं युद्ध टळलें नाहीं. १९४१ सालीं जपान व अमेरिका समरांगणांत उतरलीं, आणि जपानी शाळांतील बहुतेक अमेरिकन बाहुल्या शत्रूच्या म्हणून जाळण्यांत आल्या. परंतु कांहीं शिक्षकांस तें करवेना. ज्यांच्याशीं मुलें बोलत होतीं, तीं तोंडें आगींत टाकावयाचीं कशीं? त्यांनीं त्या लपवून ठेवल्या. अशा ३०० हून अधिक बाहुल्या पुढें सांपडल्या. जपाननें पाठविलेल्यांपैकीं बऱ्याच अमेरिकेंतील संग्रहालयांत शाबूत राहिल्या. त्यांतील कित्येक दुरुस्तीसाठीं मायदेशीं जाऊन परतही आल्या.

आमच्या भगिनींस शिंपल्यांचे लेप देण्याची सवड नसेल. परंतु कापडी बाहुलीच्या तोंडालाही थोडें लक्ष देतां येईल. रंग पसरूं नये म्हणून कापडास आधीं पातळ खळ लावून ती पुरती वाळूं द्यावी. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, लहान मुलाचे त्याहून खालीं, हें विसरूं नये. डोळ्यांतील पांढरा भाग अगदीं शुभ्र न ठेवतां किंचित् मळकट करावा, आणि प्रकाशाचा ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच बाजूस द्यावा. ओठांच्या मधली रेघ वरच्या ओठाहून गडद असावी. आणि कुंचला उचलण्यापूर्वीं, ज्या मुलीसाठीं बाहुली करावयाची, तिचा झोंपेंतला चेहरा एकदां नीट पाहून घ्यावा. गाल कोठें भरलेला, हनुवटी केवढी, भुंवई कोठें विरळ होते, हें तेथेंच कळतें. बाहुलीचें लुगडें वर्षाकांठीं फाटेल व बदलतांही येईल. चेहरा मात्र मुलीच्या आठवणींत तोच राहतो.