ज्वालेवांचून चूल

प्रवासांत जेवावें कोठें, हा प्रश्न आमच्या कुटुंबांत पुष्कळ वर्षें सुटला नव्हता. माझी थोरली बहीण अक्का बाहेरचें अन्न घेत नाहीं, आणि ऐंशीव्या वर्षीं तिला नियम मोडावयास सांगण्याचें धैर्य घरांत कोणापाशींहि नाहीं. तुळजापूरची गोष्ट निराळी. धाराशिवाहून सकाळीं निघावें आणि दुपारीं घरीं जेवावयास यावें. परंतु अक्कलकोट व गाणगापूर तिला कित्येक वर्षांत घडलें नव्हतें. म्हणून गेल्या मार्गशीर्षांत भाच्यानें निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटारगाडी भाड्यानें आणली. अशा गाडीस कॅराव्हॅन म्हणतात; महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं या पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणहि आंखलें आहे.

सूनबाईंचा कल गॅसच्या शेगडीकडे होता. मीं मात्र स्पष्ट नकार दिला. ता. २६ ऑगस्ट २०२३ रोजीं मदुरै स्थानकांत उभ्या असलेल्या, लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या डब्यांत आग लागून नऊ माणसें दगावलीं. डब्यांत चोरून आणलेला गॅसचा सिलिंडर त्या अनर्थास कारण झाला. मोटारगाडी तर रेल्वेच्या डब्याहून पुष्कळ अरुंद. अखेर इंडक्शनची शेगडी घ्यावयाची ठरली.

या शेगडींत ज्वाला नाहीं, तापलेली तारहि नाहीं. कांचेखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असतें. त्यांतून सेकंदास वीस हजारांहून अधिक वेळां दिशा पालटणारा प्रवाह खेळतो, आणि त्याच्या चुंबकक्षेत्रामुळें भांड्याच्या बुडांत भोंवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होऊन भांडेंच तापतें. मूळ तत्त्व फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलें. तें मीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें, पण त्यावर भात शिजलेला प्रथमच पाहिला. लोहचुंबक ज्याच्या बुडास चिकटेल तेंच भांडें येथें उपयोगी. अक्कानें आग्रहानें बरोबर घेतलेलें कल्हईचें पितळी पातेलें ठेवतांच शेगडी किणकिणली आणि थंडच राहिली. मातीच्या भांड्याचें तेंच. गोरोबाकाकांच्या तेरहून गाडगें आणलें तरी तें तापणार नाहीं. खोलगट तवाहि कांचेस पुरता टेकत नाहीं, सपाट बुडाचाच हवा. वांगें भाजणें किंवा भाकरी जाळावर फुगविणें तर विसरावेंच.

खरी पंचाईत झाली नळदुर्गास. किल्ला व पाणीमहाल पाहून आम्ही गाडींत आलों, अक्कानें सोंवळ्यानें खिचडीचें आधण ठेवलें आणि दोन मिनिटांत सर्व बंद पडलें. गाडींतील इन्व्हर्टर हजार वॅटचा होता. भाच्यानें शेगडी सहाशें वॅटवर लाविली होती, म्हणून तो निश्चिंत होता. परंतु पुष्कळशा स्वस्त शेगड्या सहाशें वॅट सलग घेत नाहींत. क्षणभर हजार-बाराशें ओढावयाचे, क्षणभर थांबावयाचें, असें करून त्या सरासरी साधतात. तो क्षणिक भार इन्व्हर्टरास सोसला नाहीं. त्या रात्रीं अक्का दोन केळीं खाऊन निजली. ती कांहीं बोलली नाहीं, हेंच आम्हां सर्वांस अधिक लागलें.

रात्रीं मीं कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. बॅटरी बारा व्होल्ट, दोनशें अँपिअर-तासांची, लिथियमची. म्हणजे २,४०० वॅट-तास. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळावयास सुमारें ८७ वॅट-तास लागतात; गळती धरून शंभराच्या वर. आमच्या सहा माणसांची खिचडी व दोन वेळचा चहा, सढळ हातानें धरला तरी, हजारांच्या आंत बसतो. म्हणजे सांठा भरपूर होता. त्याची वाट तेवढी अरुंद होती. जुन्या शिशाच्या बॅटरीचा मात्र निम्माच सांठा वापरावा, नाहींतर तिचें आयुष्य घटतें. आणि दोन हजार वॅट बारा व्होल्टांतून ओढावयाचे तर १६७ अँपिअर प्रवाह वाहतो. तेथें तार जाड व आंखूडच पाहिजे, बारीक तार तापून पेटेल.

दुसऱ्या दिवशीं अक्कलकोटास उतारा घेतला, तेथें सोळा अँपिअरचें बटण होतें. जाड तारेनें वीज गाडींत आणली. नेहमींच्या पांच-सहा अँपिअरच्या बटणावर ही शेगडी लावूं नये, कारण २३० व्होल्टांवरहि ती पूर्ण जोरांत जवळजवळ नऊ अँपिअर घेते. ज्यांच्या छातींत पेसमेकर बसविला आहे त्यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून तिच्याजवळ उभें राहूं नये, हेंहि गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें.

वरणभात झाला. अक्कानें हात जोडले खरे, पण मग थबकून मला विचारलें, “अरे, अग्नि दिसत नाहीं, नमस्कार कुणाला करूं?” संस्कृत इतकीं वर्षें शिकविलें, पण उत्तर सुचलें नाहीं. तिनेंच मग पातेल्यावरील वाफेला नमस्कार केला आणि पान मांडलें.

गाणगापूर सुखरूप झालें. आतां माघांत पंढरपूर ठरलें आहे. भाच्यानें गाडीवाल्याकडून अडीच हजार वॅटच्या इन्व्हर्टराचें वचन घेतलें आहे. अक्कानें सामानांत पितळी पातेलें पुन्हां बांधलें आहे. पिण्याचें पाणी भरून ठेवावयास तें चालतें, असें तिचें म्हणणें.